अडचण चिपची नव्हतीच

‘आता सगळे कन्सोल आतून पीसीच असतात. गेम एकदा लिहिला की कुठेही चालतो.’ गेम बनवण्याचं स्वप्न बघणाऱ्या मुलांच्या तोंडी हे वाक्य हल्ली इतकं बसलं आहे की त्याला पुरावा कुणी मागत नाही. पुण्याच्या कंपन्यांतले अनुभवी लोक ते बोलतात, यूट्यूबवर शिकवणारे बोलतात आणि त्यांच्याकडून ऐकून नंदुरबार-शहाद्याकडची डिप्लोमाची मुलंही बोलतात. पाठोपाठ सल्ला येतोच : हार्डवेअरच्या भानगडीत पडू नका, इंजिन शिका, बाकीचं इंजिन बघून घेतं. पुण्यात वाढलेल्या मुलाला असा सल्ला चुकीचा निघाला तर तो कोपऱ्यावरच्या दुसऱ्या कुणाला तरी विचारतो. नंदुरबारच्या मुलाला विचारायला तसं जवळ कुणी नसतं, म्हणून त्याला तो महाग पडतो. तेव्हा हे मत तपासून घेतलं पाहिजे.

खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा. आणि हा पूर्वपक्ष कच्चा नाही. १९९४ सालच्या सेगा सॅटर्नमध्ये हिताचीचे दोन मुख्य प्रोसेसर होते आणि चित्र काढणारी चिप त्रिकोणांऐवजी चौकोन काढत असे. त्याच सुमाराच्या सोनी प्लेस्टेशनमध्ये मिप्स जातीचा प्रोसेसर होता आणि दशांश चिन्हाचं गणित करण्याची सोयच त्यात नव्हती. एकावरचा गेम दुसऱ्यावर न्यायचा म्हणजे अर्धा पुन्हा लिहायचा. २०१३ साली मात्र प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोन्हींत एएमडीचे ‘जॅग्वार’ कोअर आले, आठ-आठ, साध्या पीसीला समजणारीच भाषा बोलणारे. वर अनरिअल आणि युनिटीसारखी इंजिनं आहेतच.

या पक्षाचा सगळ्यात भक्कम साक्षीदार खुद्द प्लेस्टेशन ४ आणि ५ चा रचनाकार आहे. मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मधल्या व्याख्यानात एक मोजमाप दिलं : नवं मशीन हाती आल्यावर पडद्यावर पहिला त्रिकोण उमटवायला स्टुडिओला किती काळ लागतो? पहिल्या प्लेस्टेशनला एक-दोन महिने, दुसऱ्याला तीन ते सहा, तिसऱ्याला सहा ते बारा, चौथ्याला पुन्हा एक-दोन आणि पाचव्याला महिन्याच्या आत. आकडे बोलके आहेत. चिप ओळखीची झाली, अडचण संपली. वादी इथे थांबतो.

त्याने थांबू नये. त्याच्या युक्तिवादाचा पाया असा आहे की अडचण प्रोसेसरच्या जातीत होती, म्हणून जात एक झाली की ती सुटते. हे खरं असेल तर आपल्याकडे एक पिढी अशी आहे जिथे हा नियम सहज तपासता येतो, आणि ती पिढी २०१३ ची नाही. ती २००५-०६ ची आहे. एक्सबॉक्स ३६० चा प्रोसेसर आयबीएमच्या पॉवरपीसी घराण्यातला. प्लेस्टेशन ३ च्या ‘सेल’चा मुख्य कोअरही त्याच घराण्यातला, इतका जवळचा की दोघं सख्खे भाऊ म्हणावेत; दोन्ही ३.२ गिगाहर्ट्झवर धावणारे. निंटेंडो वीचा ७२९ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, तोही पॉवरपीसीच. तिन्ही स्पर्धक कंपन्यांनी एकाच घराण्याची चिप घ्यावी असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. पूर्वपक्षाच्या हिशोबाने ती पिढी गेम एका मशीनवरून दुसऱ्यावर नेण्याचा सुवर्णकाळ ठरायला हवी होती.

प्रत्यक्षात तिच्याइतकी डोकेदुखी क्वचितच कुठल्या पिढीने दिली असेल. ‘बायोनेटा’ एक्सबॉक्सवर सुरळीत चालत असे, प्लेस्टेशन ३ वर अडखळे. नोव्हेंबर २०११ मध्ये आलेला ‘स्कायरिम’ प्लेस्टेशन ३ वर खेळणाऱ्यांची सेव्ह फाइल वाढत गेली की कासवाच्या गतीने सरकू लागे. दोन्ही मशीनमध्ये एकूण मेमरी ५१२ एमबीच होती. फरक इतकाच की एक्सबॉक्समध्ये ती एकत्र होती आणि प्लेस्टेशनमध्ये तिच्या २५६-२५६ च्या दोन वाटण्या झालेल्या. वाटणीनंतर एका घरात धान्य उरलं म्हणून दुसऱ्या घरची चूल पेटत नाही.

‘सेल’कडे थोडं जवळून पाहू, कारण त्याच्या नावाने सगळे बोटं मोडतात पण बोट नेमकं कुठे ठेवायचं ते चुकतं. मुख्य कोअरसोबत त्यात आठ छोटे सहायक प्रोसेसर कोरलेले होते. उत्पादनातल्या दोषांना जागा ठेवायची म्हणून एक बंद, एक मशीनच्या स्वतःच्या कामाला, म्हणजे गेमच्या वाट्याला सहा. प्रत्येकाजवळ स्वतःची २५६ केबी मेमरी. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारी माहिती, दोन्ही त्या २५६ केबीतच मावायला हवं. मुख्य मेमरी या सहायकांना थेट दिसतच नसे. तिथून काही हवं तर प्रोग्रॅमरने स्वतः मागणी नोंदवायची, एका खेपेत फार तर १६ केबी, आणि ती खेप येईपर्यंत आधी आलेल्या मालावर काम चालू ठेवायचं. हे नियोजन जमलं तर सहा प्रोसेसर अखंड राबत. नाही जमलं तर सहाच्या सहा हातावर हात ठेवून बसत.

नंदुरबारच्या वाचकाला हे मिरचीवरून लगेच उमगेल. ओली लाल मिरची बाजार समितीत येते, व्यापारी ती शहराबाहेरच्या पथारीवर वाळत घालतात, मग तिची पूड होते. पूड करणारं यंत्र कितीही दमदार आणा, पथारीवरची पोती वेळेवर आली नाहीत तर ते रिकामं फिरतं आणि विजेचं बिल तेवढं येतं. प्रोसेसर हे ते यंत्र, मुख्य मेमरी ही पथारी. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत यंत्र फार वेगवान झालं, पथारी ते यंत्र हा रस्ता त्या मानाने सुधारला नाही. कन्सोलवरचं प्रोग्रॅमिंग हा मुख्यतः त्या रस्त्याचा व्यवहार आहे, आणि यंत्रावर कुठल्या कंपनीचं नाव आहे याने रस्ता छोटा होत नाही.

महाराष्ट्राला खरं तर हे नवीन वाटायला नको होतं. सी-डॅकने १९९१ मध्ये पुण्यात ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला तेव्हा तो ‘ट्रान्सप्यूटर’ नावाच्या चिपांवर उभा होता : अनेक छोटे प्रोसेसर, प्रत्येकाची मेमरी वेगळी, एकमेकांशी बोलायचं तर निरोप पाठवायचा. कामाचे तुकडे कसे पाडायचे आणि कुठल्या तुकड्याची माहिती कुणाजवळ ठेवायची, हाच तिथला मुख्य प्रश्न होता. पंधरा वर्षांनी ‘सेल’ने गेमवाल्यांना तोच पेपर घातला, फक्त उत्तराला वेळ दिला सेकंदाचा तिसावा भाग. आपल्याकडे महासंगणकाचा अभिमान खूप झाला. त्यातली ही विद्या मात्र अभ्यासक्रमात फारशी झिरपली नाही. असो.

एक्सबॉक्स ३६० सोपा होता असं म्हणतात. तुलनेने होताही. पण त्याच्या ग्राफिक्स चिपजवळ १० एमबीची एक अतिवेगवान मेमरी होती आणि चित्र रंगवण्याचं काम तिच्यातच चाले. २००७ साली ‘हेलो ३’ आला तेव्हा खेळणाऱ्यांनी पडद्यावरचे ठिपके मोजून काढले आणि ओरड केली की हा गेम १२८० गुणिले ७२० चा नाही, ११५२ गुणिले ६४० चा आहे. काहींनी बंजी या कंपनीला आळशी ठरवलं. जरा हिशोब करू. प्रखर उजेड आणि गडद सावली दोन्ही नीट दिसावीत म्हणून बंजीने प्रत्येक चित्र दोन पाट्यांवर रंगवलं होतं. एका ठिपक्याला दोन पाट्यांचे चार-चार बाइट आणि खोलीच्या नोंदीचे चार, असे बारा बाइट धरा. १२८० गुणिले ७२० म्हणजे ९,२१,६०० ठिपके. बाराने गुणलं की १,१०,५९,२०० बाइट. दहा एमबी म्हणजे १,०४,८५,७६०. मावत नाही. आता ११५२ गुणिले ६४० : ७,३७,२८० ठिपके, ८८,४७,३६० बाइट. मावतं. पॉवरपीसी असो, इंटेल असो, या गुणाकारात प्रोसेसरच्या जातीचा संबंध कुठे आला?

हाच गुणाकार २०१३ साली पुन्हा करावा लागला, तोही पूर्वपक्षाच्या लाडक्या पिढीत. प्लेस्टेशन ४ मध्ये ८ जीबी जीडीडीआर५ मेमरी, सेकंदाला १७६ जीबी वाहून नेणारी. एक्सबॉक्स वनमध्येही ८ जीबीच, पण डीडीआर३, वहन ६८ जीबी. ती उणीव भरायला चिपवरच ३२ एमबीची वेगवान मेमरी दिलेली. प्रोसेसर एकाच कंपनीचा, एकाच जातीचा, एकाच वर्षाचा. पहिल्याच हिवाळ्यात ‘कॉल ऑफ ड्यूटी : घोस्ट्स’ प्लेस्टेशनवर १०८० ओळींचा आला आणि एक्सबॉक्सवर ७२० ओळींचा. ‘बॅटलफील्ड ४’ एकीकडे ९००, दुसरीकडे ७२०.

त्या काळी बऱ्याच इंजिनांत एका चित्रासाठी पाच पाट्या लागत : चार रंग-उजेडाच्या आणि एक खोलीची. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांची, ठिपक्याला चार बाइटची एक पाटी सुमारे ८३ लाख बाइटची होते. चार पाट्या ३२ एमबीत जेमतेम मावतात, पाचवी बाहेर राहते. १६०० गुणिले ९०० वर उतरा. पाचही मिळून दोन कोटी ८८ लाख बाइट होतात आणि ३२ एमबीच्या सव्वातीन कोटीहून थोड्या जास्त जागेत सुखाने बसतात. पुढची दोन वर्षं एक्सबॉक्स वनवर ९०० ओळींचे इतके गेम का आले याचा एक उलगडा इथे आहे. एकच नव्हे, प्लेस्टेशन ४ ची ग्राफिक्स चिपही मोठी होती, १८ गणन-घटकांची, समोर १२. पण वादीचा दावा ‘चिपची जात एक झाली’ एवढ्यावरच उभा आहे, आणि तो पाडायला हे पुरेसं आहे.

अजून ताजा दाखला हवा तर एकाच कंपनीच्या एकाच वर्षाच्या दोन मशीनचा घ्या. नोव्हेंबर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि सिरीज एस अशी जोडी आणली. दोन्हींत एएमडीचे झेन २ जातीचे आठ कोअर, कार्यप्रणाली एकच. मेमरी मात्र एकीत १६ जीबी, दुसरीत १०. २०२३ साली ‘बाल्डर्स गेट ३’ प्लेस्टेशन ५ वर सप्टेंबरात आला, एक्सबॉक्सवर डिसेंबर उजाडला. एकाच पडद्याचे दोन भाग करून दोघांनी एकत्र खेळायची सोय सिरीज एसवर बसेना. दोन खेळाडू जगाच्या दोन टोकांना गेले की दोन्ही टोकं एकाच वेळी मेमरीत हवीत. शेवटी सिरीज एससाठी ती सोय वगळून गेम आणावा लागला. ती तिथे पोचली एप्रिल २०२५ मध्ये. हा गेम बनवणाऱ्या लॅरिअनसारख्या मातब्बर स्टुडिओला, एकाच मालकाच्या दोन सख्ख्या मशीनमधलं अंतर कापायला सव्वा वर्षाहून जास्त काळ लागला.

आता कुणी म्हणेल, ही सगळी मोठ्या गेमची दुखणी. तर मग अगदी छोट्या गेमकडे चला. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या गावोगावच्या बाजारात टीव्हीला जोडायचा जो व्हिडिओ गेम मिळे आणि ज्यात पिवळी-काळी कॅसेट खोचून पोरं ‘कॉन्ट्रा’ आणि ‘मारिओ’ खेळत, तो निंटेंडोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल असे. अस्सल जपानी मशीन ६० हर्ट्झच्या टीव्हीसाठी बनलेलं. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, ५० हर्ट्झचा. जपानी मशीनवर एका चित्राच्या २६२ ओळी होत, त्यातल्या २० ओळींच्या काळात किरण पडद्याबाहेर असे आणि चित्राच्या मेमरीत बदल करायचे ते तेवढ्यातच. प्रोसेसरच्या हिशोबाने सुमारे २,२७३ क्लॉक सायकल. हलणाऱ्या चित्रांची यादी उतरवण्यातच त्यातल्या ५१३ जात. उरलेल्या साडेसतराशेत नवी जमीन, नवा स्कोअर, सगळं.

निंटेंडोने युरोपसाठी स्वतः पाल मशीन बनवलं तेव्हा ओळी ३१२ झाल्या आणि हा मोकळा काळ ७० ओळींचा झाला. ऐसपैस. पण प्रोसेसर आणि चित्र-चिप यांच्या गतीचं गुणोत्तर ३ वरून ३.२ वर गेलं, एका ओळीमागे ११३ ऐवजी १०६ सायकल मिळू लागल्या, आणि सायकली मोजून पडद्याच्या मधोमध करामती करणारे जपानी गेम तिथे बिघडू लागले. प्रोसेसरची भाषा तीच, ६५०२ या चिपची, एका आज्ञेचाही फरक नाही. गंमत म्हणजे पाल टीव्हीच्या देशांसाठी नकली मशीन बनवणाऱ्यांना हे मर्म जास्त कळलं होतं. त्यांच्या पुष्कळ चिपांनी ३ हे गुणोत्तर राखलं, चित्राखाली ५१ रिकाम्या ओळी जाऊ दिल्या आणि मोकळा काळ जपानीसारखाच २० ओळींचा ठेवला. त्यामुळे जपानी कॅसेट पाल टीव्हीवर थोडी संथ पण बिनतक्रार चाले. नकलेला आपण हिणवतो. या बाबतीत नक्कल अस्सलापेक्षा हुशार निघाली.

म्हणजे अडचण दोन गोष्टींची आहे : माहिती कुठे ठेवली आहे, आणि ती आणायला किती वेळ हातात आहे. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या गेमला प्रत्येक चित्रामागे १६.६७ मिलिसेकंद मिळतात, त्यात कुणाशी घासाघीस चालत नाही. प्लेस्टेशन ४ तेवढ्या वेळात जास्तीत जास्त २.९ जीबी मेमरीतून हलवू शकतो. २०१७ चा निंटेंडो स्विच, सेकंदाला २५.६ जीबीच्या हिशोबाने, जेमतेम ०.४३ जीबी. सातपट फरक. कुठलंही बटण दाबून हा फरक पुसला जात नाही.

आणि सर्नींचे महिने? ते खरेच आहेत. पण ते पहिल्या त्रिकोणाचे आहेत. मुहूर्ताचा नारळ फुटला म्हणून घर बांधून झालं असं कुणी म्हणत नाही. मला तर वाटतं, वादीने ते व्याख्यान पुढे ऐकलंच नसावं. त्याच व्याख्यानात सर्नींनी बराच वेळ खर्च केला तो प्लेस्टेशन ५ च्या सेकंदाला ५.५ जीबी वाचणाऱ्या एसएसडीवर आणि तिथून मेमरीपर्यंतच्या वाटेवर बसवलेल्या खास यंत्रणेवर. वाट मोकळी करणं हेच रचनाकाराला मोठं काम वाटत होतं.

काही गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. प्रोसेसरची जात एक झाल्याने काही कटकटी खरोखर गेल्या. प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० मोठ्या संख्येचे बाइट पीसीच्या उलट क्रमाने ठेवत. पीसीवर तयार केलेली प्रत्येक फाइल उलटवून घ्यावी लागे, आणि एखादी राहून गेली की रात्र जाई. ते दिवस गेले, चांगलं झालं. संकलक (कंपायलर) सुधारले, त्रुटी शोधायची साधनं सुधारली. पण जाताना त्या पिढीने जे शिकवलं ते मात्र फुकट गेलं नाही. ‘द लास्ट ऑफ अस’ हा २०१३ चा प्लेस्टेशन ३ वरचा गेम नॉटी डॉग या स्टुडिओने २०१४ मध्ये प्लेस्टेशन ४ वर ६० चित्रांच्या गतीने आणला. ओळखीची चिप, स्वतःचंच इंजिन, तरी ते काम सरळ उतरवून घेण्याचं नव्हतं. त्यांच्या ख्रिश्चन गिरलिंग यांनी २०१५ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये सांगितलं की सगळं काम छोट्या, स्वतंत्र तुकड्यांत मोडून ‘फायबर’ नावाच्या हलक्या धाग्यांवर कसं चालवलं. तुकडे पाडायची ती सवय ‘सेल’च्या सहा सहायकांनीच लावलेली. इन्सोम्नियाक स्टुडिओचे माइक अॅक्टन २०१४ च्या सीपीपीकॉन परिषदेत माहितीची मांडणी आधी, कोड नंतर असा आग्रह धरत उभे राहिले, तेही त्याच शाळेतले.

आता पूर्वपक्षाचा दुसरा बुरूज : इंजिन. इंजिनाला मशीन कळतं, हे खरं. पण तुमचा गेम त्याला कळत नाही. स्विचमध्ये ४ जीबी मेमरी आहे एवढं अनरिअलला ठाऊक असतं. देवळाच्या भिंतीवरचं कोरीव काम किती बारीक ठेवायचं आणि मागच्या डोंगराची किती काटछाट करायची, हे त्याने कसं ठरवावं? प्रत्येक मशीनसाठी इंजिनात मोठं कोष्टक असलेली एक फाइल असते. कोष्टक इंजिन देतं, आकडे माणसाला भरावे लागतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ १८ ऑगस्ट २०२० रोजी आधी स्विचवर आला आणि १५ ऑक्टोबरला पीसी, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वनवर. मधलं अंतर कराराचं होतं, तांत्रिक नव्हे. ते मी पुरावा म्हणून वापरत नाही. पण सगळ्यात अरुंद मशीनवर आधी उतरणाऱ्या छोट्या चमूला ‘इंजिन बघून घेईल’ म्हणून झोपता येत नाही, एवढं कुणीही मान्य करील.

तसाच दाखला युबिसॉफ्टचा. त्यांच्या पुण्याच्या स्टुडिओचा ‘जस्ट डान्स’ मालिकेत दीर्घ सहभाग आहे. ‘जस्ट डान्स २०२०’ हा गेम नोव्हेंबर २०१९ मध्ये स्विच, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन यांच्यासोबत निंटेंडो वीवरही आला. वी २००६ ची, एकूण मेमरी ८८ एमबी. शेजारच्या प्लेस्टेशनमध्ये तिच्या नव्वदपटीहून जास्त. एकाच नावाखाली दोन्हीकडे नाचायला लावायचं तर नाव सोडून बरंच काही वेगळं करावं लागतं. याच कंपनीच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ची मूळ आवृत्ती २००३ साली प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स आणि गेमक्यूब या तिन्हींवर एकाच मोसमात आली होती. मिप्स, इंटेल आणि पॉवरपीसी, तीन तऱ्हेच्या तीन चिपा. चिपची जात हाच खरा अडथळा असता तर ते जमायला नको होतं.

या सगळ्याचा नंदुरबारशी संबंध शेवटी अभ्यासक्रमापाशी येतो. डिप्लोमाला अजून ८०८६ शिकवतात, इंटेलचा १९७८ सालचा प्रोसेसर. मुलं वैतागून विचारतात, ‘सर, हे आता कुठे वापरतात?’ प्लेस्टेशन ५ मध्ये त्याचाच वंशज आहे, हे उत्तर खरं आहे आणि बिनकामाचं आहे. कारण अडचण आज्ञांच्या भाषेत असती तर नंदुरबारच्या तंत्रनिकेतनातला मुलगा ८०८६ चा पेपर सुटल्यादिवशीच प्लेस्टेशनचा प्रोग्रॅमर झाला असता. विषय जुना आहे ही तक्रार मला पटत नाही. चाळीस पिनांची आकृती पाठ करून घेतात आणि मेमरीतून एक बाइट आणायला काय पडतं ते सांगत नाहीत, ही तक्रार पटते.

‘आमच्याकडे डेव्हकिट कुठे?’ हा दुसरा नेहमीचा उसासा. डेव्हकिट, म्हणजे गेम बनवण्यासाठीचं खास मशीन, करार केलेल्या स्टुडिओलाच मिळतं, पुण्यातल्या विद्यार्थ्यालाही ते मिळत नाही. आणि वर दाखवलेला एकही धडा शिकायला त्याची गरज नाही. घरातल्या स्वस्त अँड्रॉइड फोनची ग्राफिक्स चिप बहुधा पडद्याचे १६ गुणिले १६ ठिपक्यांसारखे बारीक चौकोन करून एकेक चौकोन आपल्याजवळच्या चिमूटभर मेमरीत रंगवते. एक्सबॉक्स ३६० च्या दहा एमबीचाच हा धाकटा अवतार. एका पाटीवरून दुसरीवर पुन्हा पुन्हा उड्या मारणारा गेम लिहा, फोन तापतो, बॅटरी उतरते, चित्र अडखळतं. कमी मेमरीचा फोन ही गेम शिकणाऱ्याची गैरसोय मानली जाते. मी तिला प्रयोगशाळा म्हणेन.

फोनही नको असेल तर कॉलेजच्या लॅबमधला जुनाट संगणक चालेल. सी भाषेत ४०९६ गुणिले ४०९६ पूर्णांकांचा एक चौकोन घ्या. तो ६४ एमबीचा होतो. त्याची बेरीज आधी आडव्या ओळींनी करा, मग उभ्या रकान्यांनी. संकलकाचं ऑप्टिमायझेशन बंद ठेवा, नाहीतर तो शहाणपणा करून दोन्ही सारखं करून टाकेल. बेरजा तितक्याच, उत्तर तेच, चिप तीच. उभ्या बेरजेला कितीतरी पट जास्त वेळ लागतो. मेमरीतून माहिती एकेक आकडा येत नाही, ६४ बाइटच्या गठ्ठ्याने येते, म्हणजे एका खेपेत सोळा आकडे. आडवं चालणारा सोळाही वापरतो. उभं चालणारा दर पावलाला १६ केबीची उडी मारतो, गठ्ठ्यातला एक उचलतो आणि पंधरा टाकून देतो.

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर इथे संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे की पुढच्या सत्रात पहिल्या प्रात्यक्षिकाचा तास या बेरजेला द्यावा. प्रोग्रॅम वीस ओळींचा आहे, घड्याळ संगणकातच आहे, खर्च काही नाही. पिनांची आकृती दुसऱ्या आठवड्यात काढली तरी परीक्षेचं काही बिघडत नाही.